कुतूहल दाखवतो, सहभागी होतो

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 24 नुसार शिक्षकाने पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगायची असते. सांगतातही. दुसरीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. वृक्षारोपणाचा फोटो, हात धुवा दिनाचा फोटो, खिचडीच्या पातेल्याचा फोटो. पोरगं हातच्याच्या वजाबाकीत नेमकं कुठे अडतं, याचा फोटो काही निघत नाही.

ती माहिती प्रगतिपुस्तकात असते म्हणे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून तिथे वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात, आणि या नोंदींच्या विषयवार याद्या तयार मिळतात. त्यामुळे निम्मा वर्ग ‘परिसराविषयी कुतूहल दाखवतो’ आणि उरलेला ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’. पुढच्या मुलीची वेणी ओढणारा बंड्याही दुसऱ्या यादीत. सहभाग तर आहेच!

बाईंना तरी किती बोलायचं? त्याच कायद्याचं कलम 27 शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नका म्हणतं आणि त्याच दमात जनगणना, आपत्ती निवारण, निवडणुका यांना मोकळी वाट करून देतं. मतदारयादी हातात धरून घरोघर फिरताना पालक भेटतात, हीही भेटच.

पालकही काही कमी नाहीत. सभेला येतात, सही ठोकतात आणि विचारतात, “बाई, नंबर कितवा?”

“आता नंबर नसतो हो, श्रेणी असते.”

“ते असू द्या. पण शेजारच्याच्या वरती आहे ना?”