तंतोतंत चंदेरी

गाडीच्या बॉनेटवरचा बारीकसा टवका मालवणात कुणालाही दिसत नाही. तो सगळ्यांना दिसावा म्हणून बाजारात टच-अप पेंटची बाटली मिळते.

टवके उडण्याची सोय आमच्या जिल्ह्यात उत्तम आहे. मुंबई-गोवा महामार्ग रखडला ही बाकीच्या कोकणाची रड; खारेपाटणच्या खालचा आमचा तुकडा कधीच चौपदरी झाला. त्यामुळे पूर्वी चाळीसच्या वेगाने बसणारी खडी आता ऐंशीच्या वेगाने बसते. कासार्ड्याच्या बाजूला सिलिका वाळूचा डंपर पुढे असेल, तर वेगाचीही गरज नाही. त्याची ताडपत्री बहुधा मागच्या फळीवर विश्रांती घेत असते. सिलिका काचेपेक्षा कठीण, आणि कारखान्यातला रंग प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सगळे थर धरून मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. सामना एकतर्फी होतो.

आपण दुर्लक्ष केलं असतं, पण खारा वारा करत नाही. बंपरचं एक बरं, तो प्लॅस्टिकचा. बॉनेटच्या कडेला पत्रा उघडा पडला, तर मिरगाच्या पहिल्या सरीलाच तांबूस ओघळ सुरू. म्हणून बाटली.

गाडीच्या रंगाचा कोड बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर असतो. तो कळवला की 'तंतोतंत तोच रंग' घरपोच येतो. रंग तोच असतो, याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त चंदेरी रंगात अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. फवाऱ्याने मारला तर ते आडवे पडून चकाकतात. ब्रशने लावला की चतुर्थीच्या रेल्वेतल्या चाकरमान्यांसारखे मिळेल तिथे, मिळेल तसे बसतात. परिणामी तंतोतंत तोच रंग वाळल्यावर शिशासारखा काळपट दिसतो.

बाटलीवर सूचना आहे: 'कोरड्या व धूळविरहित जागी वापरा.' मालवण तालुक्यातली ही जागा कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावी. जून ते सप्टेंबर इथे काहीच कोरडं नसतं आणि पुढे मे संपेपर्यंत जांभ्याची लाल धूळ असते. कारखान्यात हाच रंग सव्वाशे-दीडशे अंशांच्या भट्टीत भाजून काढतात. आमच्या पडवीत तो दमट हवेत धुरकटतो आणि सुकायचं मनावर घेईपर्यंत पाहुणे येतात. माझ्या डाव्या हेडलाइटच्या वर एक डास क्लिअर कोटखाली कायमचा वस्तीला आहे. सहाही पाय स्पष्ट दिसतात. एवढं सुबक काम त्या बाटलीने दुसरीकडे कुठेही केलेलं नाही.

आणि मग लोक. टवक्याबद्दल महिनोन्‌महिने अवाक्षर न काढलेला शेजारी पडवीतूनच विचारतो, "गाडयेर कावळो हगलो काय रे?" टच-अप केल्याचं सांगितलं की तो जवळ येतो, चष्मा पुसतो, प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवतो आणि घरातल्यांनाही बघायला बोलावतो.

गॅरेजवाल्या पेंटरला ठिपके दाखवले, तर तो हळहळतो. "ह्या असला राहूचा नाय. पुरा पॅनेल मारूया." पॅनेल मारलं की बाजूचा फेंडर जुनाट दिसणार, तेव्हा तोही, फेंडर झाला की दार. हा हिशेब मागच्या बंपरपर्यंत शांतपणे जातो. विम्यातून करावं म्हटलं, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या टवक्यासाठी नो क्लेम बोनस जातो. शिवाय नव्या रंगाला पहिला खडा लागायला घरापासून कसालपर्यंतचाही रस्ता पुरतो.

जून लागला, होड्या वर ओढल्या. शेजाऱ्याच्या होडीचं रंगकाम निघालं. त्याच्याकडे कोड नाही, क्लिअर कोट नाही. डबा उघडला, चार इंची ब्रश बुडवला, फासला. संध्याकाळी डबा घेऊन तो माझ्या गाडीपाशी उभा होता.

"वायच उरलो हा. हिरवो आसा. चलात मा?"