सरांचा प्लॅन

आमच्या जोयडा तालुक्यातल्या रामनगरात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. ज्या मास्तरांनी त्यांना सातवीत बाकावर उभं केलं होतं, तेही आता पोट कमी करायला येतात आणि ‘सर, आज काय करू?’ असं विचारतात. सरांची जिम म्हणजे पत्र्याची शेड. एका भिंतीला आरसा, दुसरीवर मारुतीचा फोटो आणि त्याखाली प्रोटीन पावडरीचे डबे, जणू नैवेद्यच.

सरांची नजर पक्की. स्क्वॉट मारताना कुणाचा गुडघा आत वळला, की पाठमोरे उभे असले तरी ओरडतात, ‘गुडघा बाहेर!’ पण लिहायची वेळ आली की शंभर जोर मारून न येणारा घाम त्यांना यायचा. गिऱ्हाइकाला डायट लिहून द्यायचं तर ‘अंडी. भात कमी. रात्री लवकर’ एवढ्यावर कागद संपायचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. रामनगरला पोचायला त्याला जरा उशीर झाला, पण पोचलं ते थेट सरांच्या खिशात.

आता सर फोन तोंडाजवळ धरून हुकूम सोडतात, ‘पुरुष, वय बेचाळीस, वजन ऐंशी, पोट आहे. प्लॅन दे. भाषा भारी पाहिजे.’ भाषा भारीच येते. ‘आपल्या आरोग्यप्रवासात आपले हार्दिक स्वागत!’ मग झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट, वर लॅमिनेशन. आत खेड्यांत रेंज नसते, म्हणून कागदच बरा. पहिल्या खेपेला सगळ्या कागदांवर ‘प्रिय ग्राहकाचे नाव’ असंच छापून आलं. पुढे कितीतरी दिवस पोरं एकमेकांना ‘काय ग्राहकाचे नाव, आज पाय का?’ अशीच हाक मारत होती.

लावणीच्या दिवसांत एक मामा चिखलाच्या पायांनीच कागद घ्यायला आले. त्यात लिहिलं होतं, ‘आपली बैठी जीवनशैली बदला.’ मामांनी ते दोनदा वाचलं. ‘बैठी? अरे, दिवसभर वाकून कंबर गेली. बसायला मिळालं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?’ सर शांत. ‘मामा, डेटा आहे तो.’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यापुढे कुणी बोलत नाही, कारण डेटा म्हणजे नेमकं काय ते कुणालाच विचारायचं नसतं.

दुसऱ्या एकाला सल्ला मिळाला : ‘रोज पहाटे जवळच्या जंगलात एकट्याने शांतपणे चालावे.’ आमचं जवळचं जंगल म्हणजे काळी व्याघ्र प्रकल्प. पहाटे तिथे एकट्याने शांतपणे चालणारे आधीच पुष्कळ आहेत, आणि त्यांना चार पाय आहेत.

एकदा सरांनी प्रोटीनबद्दल जरा खोलात विचारलं, तर यंत्राने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका पुढे केली : शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा. सरांनी एकवार मारुतीखालच्या डब्यांकडे पाहिलं. तो कागद काही लॅमिनेट झाला नाही.

गंमत म्हणजे पहाटे पाच वाजता रस्त्यावर अग्निवीर भरतीची १.६ किलोमीटरची धाव मारणारी पोरं असतात, त्यांना सर एकही कागद देत नाहीत. तिथे फक्त शिट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि आईबहिणीच्या जरा अलीकडे थांबणाऱ्या शिव्या. पावसातही. त्यांना प्लॅन का नाही, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, ‘ती कुठे फी देतात? प्लॅन फीवाल्यांना.’ मला तर सरांची खरी जिम तीच वाटते, पण हे त्यांना सांगितलं तर ते यंत्राला विचारून खात्री करतील.

परवा एक कुणबी मावशी आल्या. शुगर थोडी वाढलेली, डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. सरांनी कागद दिला : ‘भाताऐवजी क्विनोआ. कंदमुळे पूर्णपणे टाळावीत.’ आता जोयड्यात दरवर्षी कंदमेळा भरतो, आणि मावशी तिथे कोन, मुडली, कणगी असं सगळं मांडून बसणाऱ्यांपैकी. सरांची आजी त्यांच्या शेजारी बसायची. मावशींनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही बरं लिहिलंय का म्हणून.

‘क्विनोआ कुठे पिकतं?’

सरांनाही ठाऊक नव्हतं. फोनवर घाईघाईने पुटपुटले, ‘मावशी जोयड्याच्या आहेत. कंद थोडे चालतील ना?’ यंत्राने ताबडतोब शरणागती पत्करली : अगदी योग्य मुद्दा, स्थानिक आहार महत्त्वाचा, भात कमी करून त्या जागी बेताने उकडलेले कंद घेता येतील, डॉक्टरांना विचारून.

‘बघा मावशी,’ सर खूश होऊन म्हणाले, ‘एआयने मान्य केलं!’

‘त्याने केलं रे,’ मावशी चपला घालत म्हणाल्या, ‘तू कधी करणार? आजीच्या हातचे कोन खाऊनच हे दंड झालेत ना तुझे? आणि फी अर्धीच देते. अर्धा प्लॅन माझा आहे.’