ग्रामसभेत एक अर्ज

हिवरे बाजार या गावात पावसाळा सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, प्यायला पाणी किती ठेवायचं. मगच रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. ऊस-केळी बंद, शेतीसाठी बोअरही बंद. ही शिस्त लावणाऱ्या पोपटराव पवारांच्या गावात पाण्याची उधारी चालत नाही.

समजा, या सभेत एखाद्या डेटा सेंटरने अर्ज टाकला. पहिला प्रश्न ठरलेला: 'पाणी किती लागतं?' एकट्या गुगलच्या डेटा सेंटरांनी २०२३ साली जगभरात मिळून सुमारे २३०० कोटी लिटर संपवलं, असं कंपनीचाच अहवाल सांगतो. यंत्रं तापतात, त्यांना गार करता करता बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं. मग एखादी आजी विचारणार, 'जुनी झाल्यावर या यंत्रांचं खत होतं का?' तिथे अर्जदाराने सर्किट बोर्डातल्या शिशाचं नाव न काढलेलं बरं.

आणि शेवटी, 'पीक काय निघतं?'

खरं बोलायचं तर बरंच काही. पण त्यातून आपल्या वाट्याला येतात ती फोनवर रोज पहाटे उगवणारी 'शुभ सकाळ'ची गुलाबाची फुलं. फुलशेती म्हणून सभा कदाचित विचार करेलही, पण ठिबकवर.