शेवटचा झोंबी मारणाऱ्या शूरवीरास खुले पत्र

शूरवीर भाऊ,

सीताबर्डीच्या गेमिंग कॅफेत सोळाव्या राऊंडचा शेवटचा झोंबी तू मारलास. त्याला पाय नव्हते. मी ग्रेनेड टाकून ते मुद्दाम उडवले होते, म्हणजे तो सरपटत राहील आणि आम्हाला उसंत मिळेल. तिघंही हेडफोनमध्ये ओरडत होतो, "थांब न बे, क्रॉलर ठेवला आहे!" तू शांतपणे त्याच्या डोक्यात गोळी घातलीस आणि १०० पॉइंट कमावलेस. नवी बंदूक देणारा बॉक्स एकदा उघडायला ९५० लागतात. म्हणजे आमच्या तासाभराच्या मेहनतीच्या बदल्यात तू जे मिळवलंस, त्यात बॉक्सचं झाकणही उघडत नाही.

हा खेळ कसा चालतो हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल, तर आता वाच. २०१० च्या 'ब्लॅक ऑप्स'मधला 'किनो डेर टोटेन' हा आपला नेहमीचा नकाशा, म्हणजे बर्लिनमधलं एक ओसाड थिएटर. पहिल्या राऊंडला झोंबीची ताकद १५०. नवव्या राऊंडपर्यंत ती दर वेळी १०० ने वाढते आणि ९५० होते. पुढे प्रत्येक राऊंडला दहा टक्के चढतात, तेही आधीच्या वाढलेल्या आकड्यावर. विसाव्या राऊंडला २,७०० च्या वर, तिसाव्याला ७,००० च्या वर. भिंतीवरून घेतलेली तुझी लाडकी बंदूक तेव्हाही तेवढाच मार देते, जेवढा पहिल्या राऊंडला देत होती. म्हणून ५,००० पॉइंट साठवून, तिचा मार वाढवायला, ती पॅक-अ-पंचच्या यंत्रातून काढावी लागते. म्हणून आधी २,५०० चं जगरनॉग प्यावं लागतं, कारण त्याच्याशिवाय दोन फटक्यांत माणूस आडवा होतो आणि ते प्यायल्यावर जास्त फटके सोसतो. आणि आडवा झालास की प्यायलेलं सगळं जातं, पुन्हा पैसे मोजायचे.

ही सगळी खरेदी करायची कधी? शेवटचा झोंबी जिवंत आहे तोवर पुढचा राऊंड लागत नाही. तो मेला की हाताशी काही सेकंद उरतात. त्या दिवशी एक जण बॉक्ससमोर उभा होता, दुसरा नुकताच उठला होता आणि जगरनॉगकडे धावत होता. सतराव्या राऊंडने दोघांनाही वाटेतच गाठलं. त्यांना उचलायला मी गेलो, मीही पडलो. तू मात्र कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून गोळ्या झाडत होतास, त्या संपेपर्यंत.

त्या कोपऱ्याबद्दलही बोलायचं आहे. कोपरा दहाव्या राऊंडपर्यंत साथ देतो. पुढे एका रिलोडला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते अंगावर येतात आणि निसटायला वाट नसते. स्टेजवर मोकळी जागा आहे ती ट्रेन काढण्यासाठी. रुंद वर्तुळात पळायचं, घाई न करता, खिडक्यांतून येणारा प्रत्येक झोंबी मागे लागेपर्यंत. एकट्याने खेळताना एका वेळी २४ च्या वर येत नाहीत, त्यामुळे घोळका किती मोठा होणार याचा अंदाज बांधता येतो. सगळे एका गठ्ठ्यात आले की वळायचं, झाडायचं, पुन्हा पळायचं. ही फार सुंदर गोष्ट आहे, जमली की मान आपोआप ताठ होते. आणि तू? दुसऱ्याची ट्रेन रंगात आली की तिच्या मधून आडवा जातोस. अर्धे झोंबी तुझ्या मागे वळतात, उरलेले त्याच्या तोंडावर येतात.

मेलेल्या झोंबीपाशी पडलेला मॅक्स अॅमो दिसला की झडप घालतोस. आधी सगळ्यांना रिलोड करू दे, कारण तो बंदुकीतलं मॅगझिन भरत नाही, फक्त खिशातल्या गोळ्या भरतो. न्यूकचंही तेच. प्रत्येकाला ४०० पॉइंट देऊन तो अख्खा घोळका खातो, आणि तोच घोळका हाताने मारला असता तर कितीतरी जास्त मिळाले असते. पहिल्या राऊंडलाच एका झोंबीच्या अंगावर पिस्तुलाच्या सहा गोळ्या आणि मग चाकू, हे केलं तर १९० पॉइंट मिळतात. तू नुसता डोक्यावर नेम धरतोस, १०० घेऊन खूश होतोस आणि तिसऱ्या राऊंडला दार उघडायला आमच्याकडे बघतोस.

आपल्या नागपुरात पोळ्याच्या पाडव्याला मारबत निघते, आणि ज्यांनी लोकांना छळलं त्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, सोबत निघतात. महालातल्या गर्दीतून यंदा तुझाही बडग्या काढावा, हातात बंदूक आणि पायाशी क्रॉलर, असं तिघांचं एकमत झालं आहे. राग खरा आहे. आमच्यातला एक मिहानमधली ड्यूटी संपवून येतो, एक हिंगण्याहून बस धरून. आठवड्यातून एकदा चौघं एकत्र बसतो, तासावर पैसे देतो आणि तीस राऊंड गाठायचे हे स्वप्न बाळगतो. ते एकट्याच्या नेमबाजीने गाठता येत नाही. त्यासाठी चौघांनी एकाच वेळी बंदूक खाली करायला हवी, आणि तुझ्याच्याने तेवढंच होत नाही.

पुढच्या खेपेला येणार असशील तर अटी ऐकून घे. क्रॉलर ठेवणारा ओरडून सांगेल. तू त्याच्यापासून लांब, लॉबीत उभा राहशील. बॉक्स, जगरनॉग, पॅक-अ-पंच, सगळ्यांचं उरकलं की आम्ही एकेक जण "झालं" म्हणू. तिसरं "झालं" कानावर पडलं की मग मार त्याला, आणि ते १०० पॉइंट खुशाल तूच घे.

तुझ्याच टीममधला,
ट्रेन तुटलेला एक जण