आणखी एक दातेरी चाक

डिझायनर सुझन केअर मॅकिंटॉश संगणकासाठी पडद्यावरची चिन्हं, म्हणजे आयकॉन, काढायला बसली तेव्हा तिच्याकडे मॅक नव्हता. शाळेपासूनचा मित्र अँडी हर्ट्झफेल्ड म्हणाला, चौकटीची वही आण आणि 32 बाय 32 घरांत रंगव. ती तीच वही घेऊन मुलाखतीला गेली आणि काम मिळालं. 1984मध्ये तिचं हसऱ्या मॅकचं चिन्ह जगाने पाहिलं. वही आता न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे.

डिझायनर मंडळींचा रविवार गेला तो तेव्हापासूनच. करिअर पुढे न्यायचं तर 'स्वतःचा प्रोजेक्ट' हवा, आणि प्रोजेक्ट म्हणजे आयकॉन सेट. 24 बाय 24ची जाळी, दोन पिक्सेलची रेघ, गोलसर टोकं. घर, घंटा, कचऱ्याचा डबा. सेव्हसाठी फ्लॉपी, जी काढणाऱ्याने जन्मात हाताळलेली नसते. सेटिंगच्या दातेरी चाकाला दात सहा की आठ, यावर दोन परिच्छेद चिंतन. सोबत भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा फोटो. चिठ्ठ्या फोटोपुरत्याच चिकटवल्यात हे मुलाखत घेणाऱ्यालाही कळतं. त्यानेही एकेकाळी चिकटवल्या होत्याच की! सेटचं नाव मात्र बारशासारखं, चार जणांना विचारून ठरतं.

एवढं झालं की नोकरी लागते. साहेब कौतुकाने विचारतात, "हे सगळं फावल्या वेळात केलंस?"

मान हलली की साहेब खूश. "वा! मग आपले सत्तर आयकॉन सोमवारपर्यंत होतील. आणि ते चाक जरा मोठं कर."