शिडीवाले

मराठी माणसाला सुधारक नवीन नाहीत. आधी राजकीय की आधी सामाजिक, या वादात टिळक-आगरकरांची मैत्री तुटली. मिशिगनमधल्या आमच्या शेजाऱ्यांपुढेही बरीच वर्षं तसाच एक प्रश्न उभा आहे: आधी शिडी की आधी खुर्ची? मात्र इथे दोन्ही पक्ष एकाच माणसाच्या पोटात आहेत. त्यामुळे वाद मिटत नाही आणि त्यातून वर्तमानपत्रही निघत नाही.

आमच्या घरात त्यांचं नाव शिडीवाले. डेट्रॉईटकडच्या मोटारींच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचा उभा जन्म गेला. पिंपरीत मी असे टूलरूमवाले पाहिले आहेत. इंचाच्या हजाराव्या भागावरून आयुष्यभर हुज्जत घातलेला हा माणूस निवृत्त झाला की सोसायटीच्या पाण्याच्या पंपामागे लागतो. यांच्या घरामागे पंपाऐवजी रान होतं, म्हणून हे हरणाच्या मागे लागले. निदान सरकारदरबारी तशी नोंद आहे, कारण शिकारीचा परवाना ते दरवर्षी न चुकता काढतात.

मिशिगनमध्ये बंदुकीने हरीण मारायचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो, तो ३० तारखेपर्यंत. झाडाला सोळा फुटांची शिडी टेकवायची, तिच्या माथ्यावर बसायची फळी, पुढे बंदूक टेकायला आडवा दांडा, आणि सगळं प्रकरण पट्ट्यांनी खोडाला आवळायचं. शिकारी पहाटे वर चढून बसतो आणि थंडीत हरणाची वाट बघतो. असलं लोखंडी मचाण दुकानात खोक्यात भरून तयार मिळतं. शिडीवाल्यांच्या मुलाने एका नाताळाला तेच आणून दिलं. यांनी आभार मानले, सोबतचं माहितीपत्रक बारकाईने वाचलं, त्यातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि ते मुलाला वाचायला दिलं. लोखंडी नळ्या पुढे लाकडी शिडीच्या आधाराला लागल्या.

माझी-त्यांची ओळखही शिडीपायीच झाली. वस्तीच्या घरापासून ४५० फुटांच्या आत, घरमालकाची परवानगी नसेल तर, बंदुकीने शिकार करता येत नाही असा इथला कायदा आहे. हे गृहस्थ एका रविवारी शंभर फुटी टेप घेऊन दारात उभे. टेपचं एक टोक मी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला धरायचं आणि ते झाडाकडे जाणार. परवानगी हवी तर लगेच लिहून देतो, असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. मापून मिळत असताना मागून कशाला घ्यायचं?

आता लाकूड. इथे ते औषध मुरवलेलं, हिरवट झाक असलेलं मिळतं. दोन बाय चार म्हणून विकतात आणि मोजलं तर दीड बाय साडेतीन भरतं. सगळा देश हे मुकाट्याने चालवून घेतो. शिडीवाले प्रत्येक फळीवर खरं माप लिहून ठेवतात. पण खरी गोम पुढेच आहे. हे लाकूड वखारीतून येतं तेव्हा ओलं असतं. मे महिन्यात बोल्ट आवळले तर कसे घट्ट बसतात. उन्हाळाभर लाकूड वाळतं, आकसतं, आणि ऑक्टोबरात तेच बोल्ट आपापल्या भोकात ऐसपैस नांदू लागतात. मग पायरीवर पाय ठेवला की ‘कुई’. तेवढी कुई हरणाला पुरते. ते मान वर करतं, पुढचा पाय आपटतं, नाकातून जोरात फुसकारा सोडतं आणि पांढरी शेपटी उभारून पसार होतं.

त्या कुईचा माग काढताना शिडीवाल्यांनी जी चिकाटी दाखवली, ती हरणाच्या वाट्याला कधीच आली नाही. त्यांनी स्क्रू काढून बोल्ट घातले, बोल्टांखाली रबरी वॉशर सारले, पायऱ्यांच्या खाचांत मेण भरलं. तेल घालता येईना, कारण तेलाचा वास हरणाला येतो. शेवटी त्यांनी मोटार मेकॅनिकचा स्टेथोस्कोप काढला. त्याच्या नळीच्या टोकाला एक लोखंडी काडी असते. ती इंजिनाला टेकवून कुठलं बेअरिंग वाजतंय ते ऐकायचं. तीच काडी त्यांनी शिडीला लावली. पण ऐकायला खाली एक माणूस हवा तसा चढायला एक हवा, आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, साफ नकार दिला होता.

त्या वर्षी माझे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा खटाव तालुक्यातले शेतकरी. त्यांना इंग्रजी येत नाही आणि शिडीवाल्यांना मराठी, त्यामुळे दोघांच्या गप्पांना खंड नसे. मी कामावरून आलो तेव्हा बाबा पायजमा खोचून, डोक्यावर टोपी तशीच ठेवून, शिडीच्या मध्यावर उभे होते आणि खाली शिडीवाले डोळे मिटून, कानात नळ्या घालून, लाकडावर काडी टेकवून बसले होते. बाबांनी पाय हलवला. कुई. शिडीवाल्यांनी हात वर केला.

“नाडी लागती का, इचार त्यास्नी,” बाबा वरून म्हणाले.

मी भाषांतर केलं. शिडीवाल्यांनी प्रश्न पूर्ण गांभीर्याने घेतला. “लागते आहे,” ते म्हणाले, “पण दोन ठिकाणी.”

बाबांनी मग आमच्याकडचा माळा समजावून सांगितला. चार मेढी रोवायच्या, आडवी लाकडं टाकायची, वर कडबा पसरायचा, हातात गोफण घ्यायची आणि शाळू राखायचा. सकाळी घातला की दुपारी माणूस वर घोरतोय.

“आणि झोपेत खाली पडला तर?” शिडीवाल्यांनी विचारलं.

“खाली शाळू हाय की.”

हे मात्र शिडीवाल्यांना अजिबात पटलं नाही, आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे. बसून राहिलेला माणूस सहसा पडत नाही. पडतो तो चढता-उतरताना किंवा शिडीवरून फळीवर पाय टाकताना. म्हणून जमीन सोडायच्या आधी अंगातला पट्टा दोराला अडकवायचा आणि परत जमिनीला पाय लागल्यावरच सोडायचा. पडलेला माणूस नुसता लटकत राहिला तर पायांत रक्त साठून जिवावर बेततं, म्हणून पाय अडकवून उभं राहायला एक फासही जवळ लागतो. शिडीवाल्यांनी याची चाचणी परसातल्या मेपलवर, जमिनीपासून दोन फुटांवर घेतली. पट्टा उत्तम ठरला. फास दुसऱ्या कोटाच्या खिशात होता. त्यांनी हाक मारली तशा वहिनी बाहेर आल्या, नवऱ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि आधी वखारीचं बिल घेऊन आल्या, मग स्टूल. त्या दोघांत बिलाविषयी इतकं मोकळं बोलणं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असावं.

खुर्चीचा इतिहास थोडक्यात सांगतो. फोमची गादी खारींनी कुरतडली. मग होडीतली फिरती खुर्ची आणली. ती छान फिरायची आणि फिरताना वाजायची. सध्या जाळी आहे. मध्यंतरी छप्परही होतं. त्यात वारा भरून शिडीसकट झाड डोलायला लागलं, तेव्हा ते उतरलं. आडव्या दांड्याला पाईपवरचं मऊ आवरण गुंडाळलंय, कारण बंदूक लोखंडावर ठेवली की आवाज होतो. पट्टे दर वर्षी सैल करून पुन्हा आवळावे लागतात, कारण शिडीवाल्यांना न विचारता झाडही वाढत असतं.

वहिनींचे भाऊ दर हंगामाला येतात. त्यांची साधनसामग्री म्हणजे रंगाची रिकामी बादली. ती झाडाबुडी उपडी घालायची, तिच्यावर बसायचं, खोडाला पाठ टेकायची. गेली कित्येक वर्षं त्या घरात हरणाचं मांस येतं ते बादलीवरून. शिडीवाले या मेहुण्यांशी अतिशय सभ्यपणे वागतात. बादलीकडे मात्र बघतही नाहीत.

बाबा त्या वर्षीची १५ नोव्हेंबर पाहूनच परतणार होते. शिडीवाले अंधारात निघाले. अंगात कायद्याने सांगितलेलं केशरी जाकीट होतं. हरणाला तो रंग वेगळा ओळखता येत नाही, माणसांनी एकमेकांना मारू नये म्हणून तो घालायचा. सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापासून बंदूक चालवता येते. नऊच्या सुमारास एक बार ऐकू आला, तो बादलीच्या दिशेने. दहा वाजता शिडीवाले घाईघाईने घरी आले, ते करवत न्यायला.

हरीण आलं होतं, ते म्हणाले. शिंगांना आठ टोकं, पंचवीस पावलांवर, आडवं उभं. त्यांनी बंदूक दांड्यावर टेकवली आणि तेव्हा लक्षात आलं की दांडा अर्धा इंच उंच आहे.

वहिनींच्या मते त्यांना डुलकी लागली असणार. मलाही तसंच वाटलं. बाबांनी मात्र मान डोलावली. “आर्धा इंच म्हंजी लई झालं,” ते म्हणाले.

मेहुण्यांनी हरणाचा एक पाय आम्हाला दिला. इथे शिकारीचं मांस विकता येत नाही, पण वाटता येतं. त्याला चरबी जवळजवळ नसते. बाबांनी तेलाचा हात सैल सोडून, कांदा-लसूण मसाला घालून मंद आचेवर त्याचा रस्सा केला. शिडीवाले दोनदा वाढून घेऊन जेवले आणि जेवताना मसाला कुटण्याच्या यंत्राचे फेरे मिनिटाला किती, ते विचारत होते. निरोपाला त्यांनी बाबांना एक लेव्हलपट्टी भेट दिली.

जानेवारीत गावाहून चुलतभावाचा फोन आला.

“दादा, काकास्नी तिकडं काय झालं व्हतं का? माळा पाडलाय. चारी मेढी उपटल्यात आन् पट्टी लावून पुन्यांदा रोवाय लागल्यात. कनसं भरल्यात, पाखरांच्या झुंडी उतरल्यात, आन् आमास्नी वर चढू देत न्हाईत. वाजतोय म्हनं.”

मी ही बातमी शिडीवाल्यांना दिली. त्यांचं म्हणणं पडलं की बाबा अगदी योग्य करत आहेत, वाजत असताना वर बसण्यात अर्थ नाही. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी मेढींचा व्यास विचारला.