श्री. चांदणी चौक यांस, हिवरे बाजारहून

श्री. चांदणी चौक, मुक्काम पुणे, यांस एका जिरायती शेतकऱ्याचा सा. न. वि. वि.

तुमचा जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री पाडला, तो आम्ही जागून टीव्हीवर पाहिला. 600 किलो स्फोटकं! धुरळा बसला तरी पठ्ठ्या पुरता आडवा झाला नव्हता; शेवटी पोकलेन लावून उरकावं लागलं. पारावर तुमचं फार कौतुक झालं. मग 12 ऑगस्ट 2023 ला तुमचा नवा थाट उघडला. आठशे कोटींच्या वर खर्च, रॅम्पवर रॅम्प. आमच्या नगरलाही त्याआधी सक्कर चौकाकडून उड्डाणपूल झाला होता, पण तुमची सर नाही.

त्या दिवाळीत लेकीकडे निघालो. रिक्षावाल्यानं महामार्गाच्या अलीकडे उतरवलं, लेकीचं घर पलीकडे, बावधनला. ती गॅलरीतून हात करत होती. मीही केला. खांद्यावर ज्वारीची पिशवी, हातात करंज्यांचा डबा, मध्ये मुंबई-बंगळूर महामार्ग. पायी जायची वाट विचारली तर एक पोरगा म्हणाला, "काका, गाडी नाही का?"

दुसरी रिक्षा केली. ती चढली, वळली, उतरली, पुन्हा चढली. कोथरूडची पाटी दुसऱ्यांदा दिसली तेव्हा मी डोळेच मिटले. भाडं विचारू नका.

जावई म्हणाले, "आता ट्रॅफिक सुरळीत झालंय, बाबा." झालंच असणार. तक्रार नाही, फक्त आमची रीत उलटी. पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं, थांबलेलं मुरवायचं. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासून डोंगराला चर खणून गाव हेच करत आलंय. तुम्ही पळणाऱ्याला आणखी पळवलंत आणि चालणाऱ्याला कठड्यापाशी मुरवलंत!

आणखी एक. पावसाळा सरला की आम्ही ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतो. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. ऊस आणि केळी नकोत, फार पितात. तुमच्याकडची चारचाकी म्हणजे ऊसच की! आत एक माणूस, जागा मात्र अख्ख्या बैलगाडीची. तुमचा ताळेबंद बहुधा उसापासून सुरू झाला. पादचारी पुलाचं निघालं ते उद्घाटनानंतर, म्हणजे ऊस भिजवून झाल्यावर कुणाला तरी गोठा आठवला.

पुन्हा कुणी नकाशा घेऊन आलं, तर त्यांना एवढंच सांगा: साहेब, आधी गाडीतून उतरा आणि हा डबा पायी पलीकडे पोचवून दाखवा. डबा मी भरून देतो. करंज्यांचा चुरा झाला तरी हरकत नाही, लेक दुधात घालून खाते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अलीकडे उभा असलेला